अमिनो आम्लांपासून बनवलेली संयुगे: जंतुरोधक आणि डीएनए-रक्षक चाचण्यांच्या निकालांवर कधी विसंबावे?

सुरंगी, फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गांना असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडचे बरेच विद्यार्थी प्रकल्पासाठी अमिनो आम्लांची शिफ बेस संयुगे (अमिनो आम्ल आणि अल्डिहाइड जोडून झालेली, कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची) आणि त्यांचे तांब्याचे कॉम्प्लेक्स (तांब्याभोवती ती संयुगे बांधलेली) निवडतात, कारण साहित्य स्वस्त असते, कृती सोपी असते आणि निकाल डोळ्यांना दिसतो. मिथेनॉलमध्ये फेनिलॲलनिन सहजासहजी विरघळत नाही. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातले की पांढरी पूड हळूहळू नाहीशी होते, सॅलिसिलअल्डिहाइडचे पहिले थेंब पडताच फ्लास्कमध्ये लख्ख पिवळा रंग भरतो आणि कॉपर ॲसिटेट मिसळल्यावर तोच द्राव हिरवा होतो. इथपर्यंतचे रसायनशास्त्र ह्यूगो शिफ यांनी १८६४ साली दाखवलेल्या अभिक्रियेवरच उभे आहे आणि ते आम्हाला नीट तपासता येते: इन्फ्रारेड वर्णपटात सोळाशेच्या वर कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा पट्टा मिळतो, तांब्याशी बंध जुळल्यावर तो थोडा सरकतो, आणि विद्यार्थ्याला आपण काय केले हे समजते.

माझी चिंता त्यापुढच्या टप्प्याची आहे. संयुग तयार झाले की ते जीवशास्त्र विभागाकडे जाते, तिथून निरोधक वलयांचे (संयुगाभोवती जीवाणू न वाढलेल्या वर्तुळांचे) काही आकडे आणि प्लाझ्मिडच्या (जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाच्या) जेलचे एक छायाचित्र परत येते, आणि प्रबंधाच्या शेवटी "हे संयुग प्रभावी जंतुरोधक असून डीएनएचे रक्षण करते" असे वाक्य लिहिले जाते. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे एकट्या २०१९ साली जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज प्रसिद्ध आहे. अशा काळात हे वाक्य सहज लिहिण्यासारखे राहिलेले नाही असे मला मनापासून वाटते. विद्यार्थ्याने छोटेच विधान करावे, पण ते टिकणारे असावे.

म्हणून जाणकारांना विचारते: या दोन चाचण्यांमध्ये तुलनेसाठी कोणते नमुने ठेवले म्हणजे परिणाम आमच्या संयुगाचाच आहे, त्याच्या तुकड्यांचा, धातूचा किंवा द्रावकाचा नाही, असे म्हणता येईल?

दर्यावारा, वेर्णे

सुरंगीताई, मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात सूक्ष्मजीव तपासणीचे काम करतो, त्यामुळे पहिल्या चाचणीबद्दल लिहितो.

निरोधक वलय हे चाळणीचे साधन आहे, मोजमापाचे नव्हे. तयार औषधाच्या चकतीभोवतीचे वलय आपण वाचतो तेव्हा त्यामागे ठरलेली मात्रा, ४ मिलिमीटर जाडीचा मुलर-हिंटन अगार, ७.२ ते ७.४ पीएच, ०.५ मॅकफार्लंड इतका गढूळपणा असलेला जीवाणूंचा द्राव, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण पंधरा कोटी पेशी, आणि त्या औषधासाठी आधीच पडताळून ठरवलेले अर्थ असे सगळे असते. नव्या संयुगाच्या बाबतीत यातले अर्थ कोणी ठरवलेलेच नसतात. शिवाय वलयाचा व्यास संयुग अगारात किती पसरते यावरही अवलंबून असतो. पाण्यात न विरघळणारा कॉम्प्लेक्स खळग्याच्या काठाशीच अडकून बसतो आणि त्याचे वलय लहान दिसते, तर तेवढेच कमकुवत पण विरघळणारे मीठ दूरवर पसरून मोठे वलय देते. म्हणून "अ संयुगाचे १४ मिलिमीटर, ब संयुगाचे ११ मिलिमीटर, सबब अ सरस" हा निष्कर्ष निघत नाही.

त्याऐवजी ९६ खळग्यांच्या प्लेटवर दुप्पट-दुप्पट विरलन करून किमान निरोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, काढावी. शेवटी प्रत्येक खळग्यात मिलिलिटरमागे सुमारे पाच लाख पेशी असाव्यात, तापमान ३५ अंशांच्या आसपास असावे आणि वाचन १६ ते २० तासांनी व्हावे. प्रत्येक प्लेटवर माहितीचे औषध आणि माहितीचा जीवाणू हवाच. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या जातीवर जेंटामायसिनची एमआयसी मिलिलिटरमागे ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम यायला हवी. ती त्या मर्यादेबाहेर गेली तर त्या दिवसाची संपूर्ण प्लेट बाद समजावी, मग तुमच्या संयुगाचा आकडा कितीही आकर्षक असो. चंदिगडच्या एमटीसीसी संग्रहातून आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम संग्रहातून प्रमाणित जाती मिळतात, त्यामुळे कोणाकडून तरी आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या वाढीवर प्रकल्प उभा करण्याचे कारण नाही. ही पद्धत दुपटीच्या पायऱ्यांची असल्यामुळे एका पायरीचा फरक चुकीच्या मर्यादेतच बसतो, म्हणून ६४ आणि १२८ यांच्यात स्पर्धा लावू नये.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. कॉम्प्लेक्सच्या शेजारी त्याच मोलर मात्रेत कॉपर ॲसिटेट, मोकळे शिफ बेस, मोकळे सॅलिसिलअल्डिहाइड, मोकळे अमिनो आम्ल आणि नुसता द्रावक अशा ओळी त्याच प्लेटवर हव्यात. मोलर मात्रेवर भर देतो, कारण वजनाने मोजले तर जड कॉम्प्लेक्सचे रेणू कमी भरतात आणि तुलना तिथेच वाकडी होते. सॅलिसिलअल्डिहाइड स्वतः जंतुरोधक आहे. तुमचे संयुग माध्यमात फुटून तेच बाहेर पडत असेल, तर श्रेय कोणाचे?

माटोळी, साखळी

निवृत्त विज्ञान शिक्षक या नात्याने वाचतो आहे. एक शंका मनात राहते. एकच पदार्थ जीवाणूला मारतो आणि डीएनएचे रक्षण करतो, ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात? अनेक ठिकाणी असे वाचले आहे की असे कॉम्प्लेक्स डीएनएला जाऊन चिकटतात आणि त्यामुळेच जीवाणू मरतो. तसे असेल तर रक्षण कसले?

जांभा, ताळगाव

माटोळी सर, तुमची शंका अगदी योग्य जागी बोट ठेवणारी आहे. मी जैवरसायनशास्त्रात संशोधन करतो आणि प्लाझ्मिडची ही चाचणी नेहमी करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चाचणी अशी असते. पीबीआर३२२ सारखे प्लाझ्मिड घेतात. ते ४३६१ बेस-जोड्यांचे वर्तुळ असते आणि निरोगी अवस्थेत घट्ट पीळ घातलेले असते. त्यात फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळले की हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात आणि डीएनएच्या साखरेच्या कण्यावर तुटून पडतात. एका धाग्याला एक छेद गेला की पीळ सुटतो आणि वर्तुळ सैल होते, आणि दोन्ही धागे एकमेकांजवळच्या जागी तुटले की सरळ रेषेसारखा तुकडा होतो. अगारोज जेलवर पिळाचे रूप सगळ्यांत पुढे धावते, सरळ तुकडा मध्ये राहतो आणि सैल वर्तुळ मागे रेंगाळते. संयुग घातल्यावर पुढचा पट्टा टिकला तर "रक्षण झाले" असे म्हणतात.

यातला सगळ्यांत मोठा सापळा द्रावकाचा आहे आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण तो साध्या हिशेबाने उघडा पडतो. बहुतेक जण संयुग डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवतात आणि शेवटी मिश्रणात एक टक्का डीएमएसओ राहते, ते नगण्य मानले जाते. एक टक्का म्हणजे लिटरमागे सुमारे ११ ग्रॅम, रेणुभार ७८, म्हणजे साधारण १४० मिलिमोलर. तुमचे संयुग असते १०० मायक्रोमोलर. म्हणजे संयुगाच्या प्रत्येक रेणूमागे डीएमएसओचे चौदाशे रेणू उभे असतात, आणि डीएमएसओ हे हायड्रॉक्सिल मूलक टिपणारे नावाजलेले रसायन आहे. त्याचा वेग-स्थिरांक ७ गुणिले दहाचा नववा घात, या घरात आहे. पाण्यात कोणताही रेणू याहून फार जलद अभिक्रिया करूच शकत नाही, कारण रेणूंची गाठ पडण्याचा वेगच तिथे मर्यादा घालतो. सबब एक टक्का डीएमएसओच्या उपस्थितीत १०० मायक्रोमोलर संयुगाने मूलक टिपून डीएनए वाचवले, हे विधान गणितातच बसत नाही. एक तर डीएमएसओनेच ते वाचवले, नाही तर संयुगाने दुसऱ्याच मार्गाने वाचवले.

बफरचेही तसेच आहे. ट्रिस आणि ग्लिसरॉल हे दोन्ही मूलक टिपतात. प्लाझ्मिड ज्या टीई बफरमध्ये येते त्यातले ईडीटीए लोहाला धरून अभिक्रियेचा स्वभावच बदलते. म्हणून प्लाझ्मिड साध्या पाण्यात किंवा विरल फॉस्फेट बफरमध्ये बदलून घ्यावे, आणि फॉस्फेट जास्त झाले तर लोह साक्यात जाते हेही लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग कोणता, तर लोह बांधण्याचा. हिस्टिडिनचे किंवा सॅलिसिलअल्डिहाइडचे शिफ बेस लोहाला पकडून ठेवते, मग मूलक तयार होण्याचे प्रमाणच कमी होते. हेही रक्षणच आहे, पण प्रबंधात त्याला मूलक टिपणे म्हणता येणार नाही. फेरोझिन हे रंगद्रव्य घालून ५६२ नॅनोमीटरला मोकळे फेरस लोह मोजले तर हा फरक कळतो.

माटोळी सरांच्या प्रश्नाकडे येतो. मोकळे शिफ बेस आणि त्याचा तांब्याचा कॉम्प्लेक्स यांना एकाच रांगेत बसवू नये. तांब्याच्या कॉम्प्लेक्सला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एखादे क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे रसायन) मिळाले की तो स्वतःच डीएनए कापू शकतो. फिनँथ्रोलिनचा तांब्याचा कॉम्प्लेक्स असाच कापतो, हे १९७९ सालीच दाखवले गेले. म्हणजे लिगंड (धातूला बांधणारे मोकळे शिफ बेस) रक्षण करते आणि त्याचाच कॉम्प्लेक्स छेद देतो, असे एकाच प्रबंधात घडू शकते. यात विरोधाभास नाही, फक्त प्रत्येक विधान कोणत्या रेणूबद्दल आणि कोणत्या परिस्थितीत केले आहे ते लिहिले पाहिजे.

जेलवर कोणते रकाने हवेत ते सांगतो: नुसते प्लाझ्मिड, प्लाझ्मिड अधिक लोह, प्लाझ्मिड अधिक पेरॉक्साइड, दोन्ही एकत्र, त्यात द्रावक, त्यात ट्रोलॉक्स किंवा मॅनिटॉल (मूलक टिपणारी माहितीची रसायने), मग संयुगाच्या चढत्या मात्रा, आणि शेवटी लोह-पेरॉक्साइडशिवाय नुसते संयुग व प्लाझ्मिड. हा शेवटचा रकाना बहुतेक छायाचित्रांत नसतो. संयुग डीएनएला चिकटून इथिडियम ब्रोमाइड या डीएनए दाखवणाऱ्या रंगाला जागा देत नसेल, तर काहीही न तुटता पट्टा फिका पडतो, आणि ते फक्त या रकान्यातच दिसते.

सुरंगी, फोंडा

जांभा, तुमच्या हिशेबाने एक वाट मोकळी झाली. आमची मोकळी शिफ बेस पोटॅशियम मिठाच्या रूपातच मिळतात आणि ती पाण्यात विरघळतात. डीएमएसओ फक्त कॉम्प्लेक्ससाठी लागते, पण सवयीने ते सगळीकडे वापरले जाते. ती सवय लगेच सोडता येईल. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र ही मिठे हवेतला ओलावा इतका ओढून घेतात की काचेच्या झाकणाखालची पिवळी पूड संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटू लागते, त्यामुळे वजनावरून काढलेली मोलर मात्राच खोटी ठरते. पावसाळ्यात आम्ही निर्वात डेसिकेटरमधून काढल्याबरोबर वजन करतो आणि साठ्याच्या द्रावाची तीव्रता वर्णपटावरून पुन्हा पडताळतो.

पाणी वापरायचे तर दुसरा प्रश्न येतो, कारण शिफ बेस पाण्यात फुटते. यावर रसायनशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी करता येतील. एक म्हणजे चाचणीच्याच बफरमध्ये, चाचणीच्याच तापमानाला, ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळ्या रंगाचा पट्टा तासातासाने मोजणे. तो १८ तासांत निम्म्यावर आला, तर एमआयसीचा आकडा मिश्रणाचा आहे असे स्पष्ट लिहावे लागेल. दुसरी गोष्ट अशी की सोडियम बोरोहायड्राइडने तोच दुहेरी बंध क्षपित करून स्थिर अमाइन बनवावे आणि दोन्ही संयुगे शेजारी तपासावीत. क्षपित रूपाचा परिणाम तेवढाच राहिला तर तो रेणूच्या चौकटीचा, आणि नाहीसा झाला तर संशय सॅलिसिलअल्डिहाइडवर.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी नोंदवते. सिस्टीन घेतले तर साधे शिफ बेस मिळत नाही, त्याचा गंधकाचा गट लगेच फिरून थायझोलिडिनचे कडे तयार करतो. पिवळा रंग आला नाही म्हणून अभिक्रिया झाली नाही असे समजून फ्लास्क ओतून देऊ नये, तिथे वेगळेच आणि अभ्यासण्यासारखे संयुग असते.

दर्यावारा, वेर्णे

ताई, फुटण्याच्या मुद्द्याला माध्यमाची जोड देतो. मुलर-हिंटन माध्यमात गोमांसाचा अर्क आणि केसिनचे जलापघटित असते, म्हणजे ते अमिनो आम्ले आणि पेप्टाइड यांनी भरलेले असते. तुमच्या कॉम्प्लेक्समधले तांबे आपला मूळ जोडीदार सोडून माध्यमातल्या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे जाऊ शकते. ट्वीडी यांचा १९६४ चा सिद्धांत, म्हणजे धातूभोवती लिगंड जुळल्यावर त्याचा ध्रुवीयपणा कमी होतो आणि रेणू मेद-पटलातून सहज आत शिरतो, हा अशा बहुतेक प्रबंधांत उद्धृत केलेला असतो. मात्र कॉम्प्लेक्स पटलापर्यंत अखंड पोहोचला हे कोणी दाखवलेले नसते. मला हे उद्धरण स्पष्टीकरणाऐवजी प्रथा म्हणूनच येताना दिसते. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना तर बाहेरचे वेगळे पटल आणि आत आलेले बाहेर फेकणारे पंप असतात, तिथे एवढ्याने भागत नाही.

माध्यम उलट्या दिशेनेही फसवते. ॲलाफॉस्फालिन हे ॲलनिनचे फॉस्फोनिक रूप जोडलेले छोटे पेप्टाइड पूर्वी जंतुरोधक म्हणून विकसित केले गेले होते. जीवाणू ते अन्न समजून पेप्टाइडच्या दारातून आत घेतो, आत ते फुटते आणि पेशीभित्तीला लागणारे डी-ॲलनिन बनवणारा विकर बंद पडतो. पेप्टाइडांनी भरलेल्या माध्यमात मात्र त्या दारावर गर्दी असते आणि हे औषध निष्प्रभ दिसते. म्हणून अमिनो आम्लापासून बनलेल्या संयुगाचा निकाल नकारार्थी आला तर एकदा किमान क्षारांच्या माध्यमात तो पुन्हा पाहावा. क्षयरोगात वापरले जाणारे सायक्लोसेरिन डी-ॲलनिनसारखे दिसूनच काम करते, आणि पेनिसिलिन बुरशीच्या पेशीत सिस्टीन, व्हॅलिन आणि अमिनोॲडिपिक आम्ल यांच्यापासूनच घडते. अमिनो आम्लांच्या वाटेने उत्तम औषधे मिळाली आहेत, त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्यांनी ही वाट सोडू नये असेच मी म्हणेन.

हिस्टिडिनच्या संयुगाबद्दल एक सावधगिरी. पुढे उत्परिवर्तन तपासायला कोणी एम्स चाचणी केली, तर तिच्यातला साल्मोनेला हिस्टिडिनशिवाय वाढू न शकणाराच असतो. संयुग फुटून हिस्टिडिन बाहेर आले की वसाहती वाढतात आणि निरुपद्रवी पदार्थ उत्परिवर्तक ठरतो.

खाजनवासी, दिवाडी

विषयाला धरूनच विचारतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खडकांवर उगवणाऱ्या पोर्फिरा या लाल शैवालात उन्हापासून रक्षण करणारी अमिनो आम्लांची संयुगे असतात असे ऐकले आहे. प्रयोगशाळेत बनवण्याऐवजी तीच का तपासू नयेत? चाचणी तीच चालेल का?

जांभा, ताळगाव

तुम्ही म्हणता ती मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले. कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर पोर्फिरा आढळते, आणि या गटातले पोर्फिरा-३३४ हे संयुग त्याच वंशाच्या नावाने ओळखले जाते. त्याचे मधले कडे ग्लायसीन आणि थ्रिओनिन यांच्याशी जोडलेले असते, शिनोरिनमध्ये थ्रिओनिनच्या जागी सेरिन असते, आणि दोन्ही ३३४ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करतात. सुरंगीताईंना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या रेणूंतही कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असतो, मात्र शेजारच्या नायट्रोजनच्या आधाराने तो कितीतरी स्थिर असतो.

चाचणी मात्र तशीच चालणार नाही. अतिनील किरणांमुळे डीएनएवरचे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना जोडले जातात, धागा तुटत नाही. त्यामुळे प्लाझ्मिडचा पीळ शाबूत राहतो आणि जेलवर सगळे ठीक दिसते. किरण दिल्यानंतर टी४ एंडोन्यूक्लिएझ पाच हा विकर घालावा लागतो, तो प्रत्येक जोडलेल्या जागी छेद देतो, आणि मग सैल वर्तुळाचा पट्टा उमटतो. शिवाय संयुग प्लाझ्मिडमध्ये मिसळलेला एक नमुना आणि संयुगाचा द्राव वेगळ्या क्वार्ट्झ भांड्यात प्लाझ्मिडच्या वर ठेवलेला दुसरा, असे दोन घ्यावेत. वरच्या भांड्यातूनही तेवढेच रक्षण झाले तर ते निव्वळ गाळणीचे काम आहे.

सुरंगी, फोंडा

दर्यावारा, एक शेवटचे विचारायचे राहिले. एमआयसी वाचताना आमचे सहकारी रेझाझुरिन वापरतात, निळ्याचा गुलाबी झाला की वाढ झाली असे धरतात. आमची संयुगे पिवळी आणि हिरवी आहेत. निळ्यात हिरवे मिसळल्यावर सीमेवरचे खळगे वाचता येत नाहीत आणि दोन माणसे दोन आकडे सांगतात.

दर्यावारा, वेर्णे

रंगावर अवलंबूनच राहू नका. त्याच प्लेटवर संयुगाच्या प्रत्येक मात्रेचा जीवाणूविरहित खळगा ठेवा आणि रेझाझुरिन त्यातही घाला. क्षपण करणारे संयुग जीवाणू नसतानाही रंग गुलाबी करू शकते, ते तिथे पकडले जाईल. मग जे खळगे वाढ नसलेले वाटतात त्यांतून रंग घालण्यापूर्वीच दहा-दहा मायक्रोलिटर काढून साध्या अगारवर ठिपके द्या आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजा. मूळ पेशींपैकी ९९.९ टक्के मेल्या असतील तर ते संयुग जीवाणू मारणारे, आणि वसाहती पुन्हा भरभरून आल्या तर ते फक्त वाढ थोपवणारे. या ठिपक्यांसाठी एक प्लेट आणि एक दिवस जास्त लागतो, पण दोन माणसे तिथे एकच आकडा सांगतात.